तक्त्यातली शेवटची ओळ

टिपणीसबाईंना कोणी चहा दिला की पहिला घोट घेऊन त्या जरा थांबायच्या आणि मग "पास" म्हणायच्या. नाही म्हणाल्या, तर त्या घरात चहापत्ती बदलायची चर्चा सुरू व्हायची. पोहे, पाण्याचा नवा पंप, गणपतीची आरास, कोणाची नवी सून, सगळं त्यांच्या लेखी एक तर पास होतं, नाहीतर रिजेक्ट. नवी सून रिजेक्ट झाल्याचं माझ्या आठवणीत नाही, सासवा मात्र बऱ्याच झाल्या.

ही भाषा त्यांनी नोकरीतून घरी आणली होती. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंग तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी सगळी नोकरी काढली. तयार मालाचा नमुना तपासायचा आणि माल बाहेर जाऊ द्यायचा की नाही ते ठरवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्या ठाकुर्लीला आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आल्या, पण काम काही सुटलं नाही. फक्त रंगाच्या जागी आम्ही आलो.

दिसायला अगदी साध्या. ठेंगण्या, कडक इस्त्रीची सुती साडी, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला आणि चष्मा इतका जाड की त्यामागचे डोळे मुळापेक्षा लहान दिसायचे. वाद सुरू करण्याआधी त्या पर्समधून एक पिवळं फडकं काढून हा चष्मा सावकाश पुसायच्या. मी सोसायटीचा सेक्रेटरी. मीटिंगमध्ये ते फडकं बाहेर आलं की मी मनातल्या मनात जेवणाची वेळ पुढे ढकलायचो. त्यांनी लग्न केलं नव्हतं. एकदा एका आगाऊ बाईंनी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "नमुने पाहिले. पटले नाहीत."

त्यांचा खरा दरारा होता तो व्हॉट्सअ‍ॅपवर. सोसायटीचा ग्रुप मीच काढला होता, पाणी कधी येणार नाही आणि लिफ्ट कधी बंद आहे हे कळवायला. लोकांनी त्याचा दवाखाना केला. मधुमेहाला भेंडीचं पाणी, केसांना कांद्याचा रस, हृदयाला लसूण. ज्यांना साधी सर्दी आवरत नाही ते इतरांच्या यकृताची काळजी घ्यायला लागले. यातलं काहीही आलं की खाली टिपणीसबाईंचं उत्तर यायचं. त्या कोणाला मूर्ख म्हणायच्या नाहीत, हसण्याची चित्रं टाकायच्या नाहीत. शुद्ध मराठीत, विरामचिन्हांसकट, तीन प्रश्न विचारायच्या: "हे कोणी पाहिलं? कशानं मोजलं? आणि ज्यांनी हे केलं नाही, त्यांचं काय झालं?"

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणाकडेच नसायचं. चौथ्या मजल्यावरच्या एका काकांनी लिहिलं होतं की तळपायांना तूप चोळल्यापासून त्यांना पेपर चष्म्याशिवाय वाचता येतो. बाईंनी तीन प्रश्न टाकले आणि काका रागानं ग्रुप सोडून गेले. मी त्यांच्या घरी जाऊन, हात जोडून त्यांना परत आणलं. पेपर समोरच पडला होता आणि त्यावर त्यांचा चष्मा होता, पण मी ते ग्रुपवर लिहिलं नाही. सोसायटीतल्या पोरांनी बाईंचं नाव "पुरावा मॅडम" ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पास."

त्यांच्या कारखान्यातले एक जुने सहकारी मानपाडा रोडला राहतात. त्यांनी मला एकदा एक हकिगत सांगितली. शाळेच्या गणवेशाच्या कापडासाठी हिरव्या रंगाचा मोठा माल तयार झाला होता, ट्रक दारात उभा होता, पण बाईंच्या तपासणीत रंग धुण्यात जात होता. मॅनेजर स्वतः खाली जाऊन दुसरा नमुना घेऊन आला. तो उत्तम निघाला. बाईंनी तरीही सही केली नाही, कारण नमुना त्यांच्यासमोर काढलेला नव्हता. मॅनेजर चिडला, ओरडला, शेवटी गयावया करायला लागला. बाईंनी डबा उघडला आणि जेवायला बसल्या. ट्रक तसाच उभा राहिला आणि पुढच्या वेळी बढती दुसऱ्याला मिळाली. बाईंच्या तोंडून ही गोष्ट मी कधी ऐकली नाही. त्यातलं एक वाक्य मात्र त्या नेहमी म्हणायच्या: "नमुना खोटं बोलत नाही. तो आणणारा बोलतो."

त्यांच्याशी वाद घालायला मजा यायची, याचं कारण त्या हरायला तयार असायच्या. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे महेश सावंत मूळचे देवगडकडचे. ठाण्याला एका खासगी बँकेत नोकरी करतात आणि मे महिन्यात गावाहून आंब्याच्या पेट्या आणून सोसायटीत देतात. बाई अलिबागकडच्या. एका उन्हाळ्यात त्यांनी जाहीर केलं की आंबा अलिबागचाच, बाकी सगळी जाहिरात. सावंत म्हणाले, ठेवा परीक्षा. मग गच्चीवर आंब्याच्या फोडी एकसारख्या स्टीलच्या वाट्यांत मांडल्या गेल्या, नावं वाट्यांच्या खाली चिकटवली. बाईंनी डोळे मिटून चव घेतली, बराच विचार केला आणि एका वाटीवर बोट ठेवलं. ती देवगडची निघाली. त्यांनी तिथल्या तिथं ग्रुपवर लिहिलं, "मी चुकले. सावंतांचा आंबा सरस." आणि एक पेटी घेतली. मला आयुष्यात बायकोसमोरसुद्धा इतक्या सहज चूक कबूल करता आलेली नाही.

तेव्हापासून सावंत आणि बाई यांचं छान जमलं होतं. म्हणूनच पुढे जे झालं ते आम्हा सगळ्यांना जड गेलं.

सावंतांची मुलगी मनवा. तिला तिसरीत चष्मा लागला आणि पाचवीत येईपर्यंत नंबर चांगलाच वाढला. यात जगावेगळं काही नव्हतं, आमच्या जिन्यात बिनचष्म्याचं पोर शोधावं लागतं. पण सावंतांनी ते फार मनाला लावून घेतलं. त्याला कारण होतं. तरुणपणी त्यांना मोटरमन व्हायचं होतं. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, घरी पेढे वाटायचीच वेळ आली, आणि कल्याणला वैद्यकीय तपासणीत डोळ्यांच्या तक्त्यापुढे उभं केल्यावर त्यांना परत पाठवलं. बँकेत बरं चाललं होतं, तरी कल्याणला लोको शेडजवळून जाताना सावंत बोलायचे थांबतात, हे मी स्वतः पाहिलंय. आपल्या पोरीला तसं कुठून परत यायला लागू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

अशा माणसाला मोबाईलवर जे सापडायचं तेच सापडलं. डोळ्यांवर उपाय सांगणारे कोणी एक गुरुजी होते, त्यांचं चॅनेल होतं. चष्मा लावल्यानंच नंबर वाढतो, तो काढून ठेवा, तळहात चोळून डोळ्यांवर ठेवा, उगवत्या सूर्याकडे टक लावून बघा, मुलांना उन्हात मोकळं खेळू द्या. सोबत एक तक्ता मिळायचा, वर मोठं अक्षर, खाली लहान होत जाणाऱ्या ओळी. तो घरात भिंतीवर लावायचा आणि दर रविवारी मुलाला लांब उभं करून वाचायला लावायचं. सावंतांनी मनवाचा चष्मा कपाटात ठेवला आणि तक्ता बैठकीच्या खोलीत लावला.

काही आठवड्यांनी ग्रुपवर त्यांचा पहिला व्हिडिओ आला. मनवानं वरच्या दोन ओळी वाचल्या होत्या. पुढच्या रविवारी आणखी एक. मग आणखी एक. खाली टाळ्या, फुलं, जोडलेले हात. आणखी एक-दोन घरांतल्या मुलांचेही चष्मे कपाटात गेले. बाईंनी आपले तीन प्रश्न टाकले. पण या वेळी समोर तळपायाचं तूप नव्हतं. सावंतांनी उत्तर दिलं, "मॅडम, मी स्वतः पाहिलंय. तक्त्यानं मोजलंय. आणि ज्यांनी केलं नाही त्यांचे चष्मे अजून नाकावर आहेत." या उत्तरावर इतक्या टाळ्या पडल्या की माझा मोबाईल गरम झाला.

बाईंनी सूर्याकडे टक लावण्यानं डोळ्याला इजा होते हे लिहिलं. मुलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, असं लिहिलं. उन्हात खेळण्याचं तेवढं ठीक आहे, हेही लिहिलं, पण ते कोणी वाचलं नाही. सावंतांच्या बाजूनं अख्खी सोसायटी उतरली. कोणीतरी हा सगळा वाद त्या चॅनेलवाल्यांना पाठवला आणि मग ज्यांना आमची सोसायटी कुठे आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं ती माणसं व्हिडिओखाली "पुरावा मॅडम"ला शिव्या द्यायला लागली. चष्म्याच्या दुकानदारांकडून पैसे खाते, असंही लिहून झालं. मी अ‍ॅडमिन म्हणून शांततेचं आवाहन केलं, त्याकडे नेहमीप्रमाणे कोणाचं लक्ष गेलं नाही. शेवटी बाईंचा तोल गेला. ग्रुपवर पहिल्यांदाच त्यांनी प्रश्न न विचारता निकाल दिला. "सावंत, तुम्ही खोटं सांगताय. हे असं होऊ शकत नाही."

सावंतांना ते लागलं. आंब्याच्या वाटीवर बोट ठेवणाऱ्या बाईकडून ते ऐकावं लागलं म्हणून जास्तच लागलं. त्यांनी लिहिलं, "रविवारी सोसायटीच्या ऑफिसमध्ये या. तुमच्या डोळ्यांसमोर वाचून दाखवते पोरगी." चॅनेलवाल्यांनीही तोवर त्यांना कळवलं होतं की कल्याणला गुरुजींचा कार्यक्रम आहे आणि मनवानं तिथं स्टेजवर तक्ता वाचायचा आहे.

रविवारी आमचं ऑफिस भरून गेलं. ऑफिस म्हणजे तळमजल्यावरची लांबट खोली, एक टेबल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवरचा जोरात फिरणारा पंखा. सावंतांनी घरचा तक्ता आणून समोरच्या भिंतीला वरून चिकटवला. बाईंनी अंतर स्वतः पाहिलं आणि सावंतांना सांगितलं की तुम्ही मागे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहा. बाप खाणाखुणा करतो असा त्यांना संशय होता. सावंत हसले, मागे गेले आणि शाळेत शिक्षा झाल्यासारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मनवा वाचायला लागली. बारीक चणीची, दोन वेण्या, फ्रॉकचा काठ मुठीत धरलेला. एकेक ओळ तिनं न अडखळता वाचली. मग ती शेवटच्या ओळीला आली. "ट, प, न, र, ग, द." टाळ्यांचा कडकडाट झाला, सावंत वळून धावत आले आणि त्यांनी पोरीला उचलून घेतलं. मी चहाचे कप मोजत दाराशी होतो. मला इतकंच दिसलं की टिपणीसबाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या हातात पिवळं फडकं होतं. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि सावंतांच्या कडेवरच्या मनवाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अक्षरं बरोबर आहेत." आणि खाली बसल्या.

टिपणीसबाई वादातून खाली बसल्या, ही बातमी चहा संपायच्या आत सगळ्या मजल्यांवर पोचली.

त्या दिवशी नक्की काय झालं होतं ते आम्हाला खूप उशिरा कळलं, पण इथंच सांगून टाकतो. तक्ता फक्त वरून चिकटवलेला होता. मनवा शेवटच्या ओळीशी आली तेव्हा पंख्याच्या वाऱ्यानं कागदाचं खालचं टोक उचललं गेलं आणि शेवटची ओळ झाकून वर गुंडाळलं. आम्ही सगळे पोरीकडे बघत होतो. बाई नोकरीतल्या सवयीनं तक्त्याकडे बघत होत्या. जी ओळ त्या खोलीत कोणालाच दिसत नव्हती ती मनवानं बिनचूक वाचली होती.

बाईंच्या हातात पुरावा होता. असा पुरावा त्यांना नोकरीतसुद्धा कधी मिळाला नसेल. एक वाक्य बोलल्या असत्या तर ग्रुप, चॅनेल, गुरुजी, शिव्या देणारे, सगळे एका फटक्यात गप्प झाले असते. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, बापाच्या कडेवर, दहा वर्षांची एक मुलगी खोटारडी ठरली असती.

त्याच संध्याकाळी त्यांनी मनवाला कुंड्यांना पाणी घालायला म्हणून गच्चीवर बोलावलं. पाणी घालून झालं. बाई कठड्याशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला चष्मा काढून हातात घेतला.

"मला आता काहीच दिसत नाही बघ," त्या म्हणाल्या. "तो नव्वद फुटी रस्त्यापलीकडचा टॉवर आहे ना, तो नुसता ढग दिसतोय. तुला काय दिसतं?"

मनवानं कठड्यावर हात ठेवून टॉवरकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला पण ढगच दिसतो, आजी."

आणि मग सगळंच बाहेर आलं. पहिल्या काही रविवारी तिला काहीच वाचता आलं नव्हतं आणि बाबा नुसते गप्प बसले होते. एकदा घरात कोणी नसताना ती तक्त्याजवळ गेली आणि तिनं दोन ओळी पाठ केल्या. त्या रविवारी बाबांनी तिला उचलून गोल फिरवलं होतं. मग दर आठवड्याला एक ओळ. शाळेत फळा दिसत नव्हता, ती मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घ्यायची. नव्वद फुटी रस्ता ओलांडताना एक रिक्षा अगदी अंगाशी येऊन थांबली तेव्हाच तिला दिसली होती, ते तिनं घरी सांगितलं नव्हतं. आता कल्याणला स्टेजवर जायचं होतं, आणि तिथं वेगळा तक्ता असला तर काय, या भीतीनं तिला जेवण जात नव्हतं.

बाई म्हणाल्या, "बाबांना तू सांग. मी शेजारी बसते."

"सगळे हसतील बाबांना. मला पण हसतील."

"नाही हसणार. हसायला त्यांना मी आहे."

दोघी खाली सावंतांच्या घरी गेल्या. मनवानं सांगितलं. सावंतांच्या बायकोनं पोरीला जवळ घेतलं. सावंतांनी उठून तक्ता भिंतीवर नीट लावला, मनवाला समोर उभं केलं आणि विचारलं, "आता खरं सांग बाळा, कुठपर्यंत दिसतं?"

"वरचं एकच अक्षर, बाबा."

"मला पण तेवढंच दिसलेलं," सावंत म्हणाले. "कल्याणला." आणि त्यांना रडू आलं.

सावंत सरळ माणूस. त्यांनी डोळे पुसले आणि सगळं ग्रुपवर लिहायला मोबाईल हातात घेतला. बाईंनी तो काढून घेतला. "तुम्ही काही लिहायचं नाही, सावंत. पोरीला याच जिन्यानं शाळेत जायचंय. तिला जन्मभर तक्तेवाली म्हणून चिडवतील. मी लिहिते." सावंत म्हणाले, अहो पण लोक तुम्हाला काय काय बोलतील. त्यावर बाई म्हणाल्या की कारखान्यात त्यांनी याहून वाईट ऐकलंय, आणि तेही एका हिरव्या रंगासाठी.

डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर बाईंचा संदेश ग्रुपवर आला. मी तो आजही काढून वाचतो. "सावंत खोटं सांगतात असं मी लिहिलं होतं. मी चुकले. ते खोटं बोललेले नाहीत, मी त्यांची माफी मागते. माझ्या आग्रहावरून त्यांनी मनवाला डॉक्टरांकडे नेलं आणि डॉक्टरांनी तिला चष्मा दिला आहे. ज्यांनी मुलांचे चष्मे काढून ठेवले आहेत त्यांनीही एकदा डॉक्टरांना विचारावं. उन्हात, मोकळ्यावर खेळण्याचं सावंत म्हणत होते ते डॉक्टरांनाही मान्य आहे. कोणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा, मुलीला नाही."

या एका संदेशात एकही अक्षर खोटं नव्हतं. पण आम्ही वाचायचं ते वाचलं. बाई हरल्या, माफीसुद्धा मागितली, आणि तरी हट्टानं बऱ्या झालेल्या पोरीला परत चष्मा लावायला लावला, असा सरळ अर्थ सगळ्यांनी काढला. चांगली सुधारत होती बिचारी, या बाईनं दृष्ट लावली, असं जिन्यात बोललं जायला लागलं. तळपायाला तूप लावणारे काका तर महिनाभर खुशीत होते. मनवा कल्याणच्या स्टेजवर गेली नाही, तेव्हा चॅनेलवाल्यांनी तिचे जुने व्हिडिओ लावून खाली लिहिलं की घरच्यांनी उपाय अर्धवट सोडला. बाई कोणालाच काही बोलल्या नाहीत. जिन्यात भेटल्यावर कोणी टोमणा मारला तर त्या मान हलवून पुढे जायच्या. चष्मे काढून ठेवलेल्या मुलांच्या घरी मात्र त्या स्वतः गेल्या, दोनदोनदा गेल्या, आयांची बोलणी खाल्ली आणि चष्मे कपाटातून बाहेर काढवले.

ग्रुपवर त्यांच्या प्रश्नांचा धाक गेला. त्यांनी तीन प्रश्न विचारले की कोणीतरी लगेच "चष्म्यासारखं नको हं मॅडम" असं लिहायचं आणि हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागायची. तरीही त्या विचारायच्या. पूर्णविरामांसकट. हळूहळू भेंडीचं पाणी परत आलं, तूप परत आलं, आणि एकदा लिंबानं पाण्याची टाकी साफ करण्याचा सल्लाही आला.

एक गोष्ट मात्र त्यांनी मिळवली. आमच्या आवारात "येथे खेळण्यास मनाई आहे" अशी पाटी होती, माझ्या आधीच्या सेक्रेटरींनी लावलेली आणि मी जिवापाड जपलेली. एका मीटिंगमध्ये फडकं बाहेर आलं. शेजारी सावंत बसले होते. दोघांनी मिळून मला असं घेरलं की दुसऱ्या दिवशी मी स्वतः पाटी उतरवली. आता संध्याकाळी पोरं खाली धिंगाणा घालतात, गाड्यांच्या काचांना बॉल लागतो आणि लोक मला फोन करतात. ज्यांच्यात भांडण झालं असं सगळे समजत होते ती दोन माणसं दर मे महिन्यात गच्चीवर आंबे का खात बसतात, हे कोडं मात्र सोसायटीला सुटलं नाही.

आमची इमारत पुनर्विकासाला जायची ठरली तेव्हा बाईंनी कळव्याला बहिणीकडे राहायला जायचं ठरवलं. नव्या इमारतीत परत येईन असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही. ऑफिसमध्येच निरोपाचा छोटा कार्यक्रम ठेवला. तीच खोली, त्याच खुर्च्या. चौथ्या मजल्यावरचे काका दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि गमतीत म्हणाले की आंबा सोडला तर आमच्या पुरावा मॅडम आयुष्यात एकदाच हरल्या, त्या चष्म्याच्या वादात. लोक हसले. बाईही हसल्या.

मागून मनवा उठली. आता कॉलेजात जाते, उंच झाली आहे, बापासारखी तडक बोलते. सावंतांनी तिच्याकडे बघितलं, थांबवलं नाही. ती पुढे येऊन उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं, पंखा, गुंडाळलेला कागद, गच्ची, सगळं. शेवटी म्हणाली, "त्या दिवशी आजी हरल्या नव्हत्या. शेवटची ओळ मला दिसतच नव्हती. मी पाठ केली होती. आजींना तेव्हाच कळलं होतं."

काकांनी खाली बघितलं. पुढच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंनी मनवाकडे पाहिलं आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात विचारलं, "याला पुरावा काय?"

काही जण सवयीनं हसले. मलाही आधी ती गंमत वाटली. मग त्यांचा चेहरा दिसला. इतक्या वर्षांनीसुद्धा त्या पोरीला मागे फिरायला वाट ठेवत होत्या.

मनवानं चष्मा काढला, डोळे मिटून घेतले आणि म्हटलं, "ट, प, न, र, ग, द."

बाईंनी पर्समधून पिवळं फडकं काढलं. चष्मा खूप वेळ पुसला. वाद घालायला आता समोर कोणीच नव्हतं.

बाहेर रिक्षा आली होती. आम्ही सगळे फाटकापर्यंत गेलो. सावंतांनी आंब्यांची पेटी आत ठेवली आणि बाईंचे हात हातात घेतले. मनवा वाकून पाया पडली तेव्हा तिचा चष्मा नाकावरून घसरला. बाईंनी तो दोन बोटांनी वर सरकवला, नीट बसवला, जरा मागे होऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "पास."

रिक्षा निघाली. नव्वद फुटी रस्त्याला लागून वळेपर्यंत बाईंचा हात बाहेर हलत होता. बाकीचे आम्ही आधीच माघारी वळलो होतो. मनवा तिथंच उभी होती. तिला तो हात शेवटपर्यंत दिसत होता.